गाणं राखून ठेवणारे इसाकभाई

इसाकभाई आतार यांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्यांच्या हातात क्लॅरिनेट होतं आणि माझ्यामुळे अख्खं गाव पळत सुटलं होतं.

अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. 'लेख जरा गंभीर असू द्या' असं संपादक मंडळानं मला दोनदा बजावलंही आहे. पण करणार काय? घडलं ते तसंच घडलं, आणि भाईंबद्दल खोटं लिहिलं तर तेच पहिले माझा कान धरतील.

आमचा 'घोडकाठ' बँड तेव्हा नवाकोरा होता. वारूळवाडी, नारायणगाव आणि आंबेगाव तालुक्यातली आम्ही चार पोरं. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि आपली स्वतःची मराठी गाणी. गाणी लिहायचो आणि गायचो मी. आम्ही छाती फुगवून 'रॉक बँड' म्हणायचो आणि यात्रा कमिटीवाले पत्रिकेवर 'घोडकाठ बेंजो पार्टी' छापून मोकळे व्हायचे. पहिला अल्बम तयार झाला. त्यातलं कुठलं गाणं आधी बाहेर काढायचं, यावर आम्ही चौघं संतोषच्या, म्हणजे आमच्या ड्रमरच्या, खोलीत बसून भांडभांड भांडलो आणि शेवटी 'वाघरू' हे गाणं ठरलं. बिबट्यावरचं गाणं. आमच्या भागात बिबट्याइतका घराघरांत चर्चेतला विषय दुसरा कुठला? गाण्याच्या सुरुवातीला संतोषनं एक दणदणीत डरकाळी टाकली होती. खोलीत ती ऐकून आमच्याच अंगावर काटा आला. म्हटलं, जिंकलं राव आपण!

मग डिंगोऱ्याच्या अलीकडच्या एका गावच्या यात्रेत पहिला कार्यक्रम लागला. दिवेलागणीची वेळ. मैदानाच्या तीन बाजूंना उभा ऊस. स्पीकर मंडपवाल्याकडचे, चांगले माणसाएवढाले. संतोषनं बटण दाबलं आणि डरकाळी फुटली ती उसावर आपटून चारी बाजूंनी परत आली. पुढचं काय सांगू! बाया पोरं काखेला मारून पळाल्या, म्हातारी माणसं चपला सोडून पळाली, कडेला बांधलेल्या शेळ्यांनी दावी तोडली. देवळाचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं. आम्ही मात्र स्टेजवर तसेच वाजवतोय, कारण आम्हाला वाटलं पब्लिकला जोश चढलाय.

त्या यात्रेत पालखीपुढं वाजवायला इसाकभाईंचा ब्रास बँड आला होता. ते कुणाला न विचारता स्टेजवर चढले, माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाले, "बसा पावणं, बसा! वाघरू न्हाई. ह्या पोरांचं गाणं हाय. गाणं कुनाला चावल्यालं मी अजून बघितलं न्हाई." मग आपल्या माणसांना खूण करून त्यांनी लग्नातली एक साधी, सगळ्यांच्या ओळखीची चाल धरली. लोक हसत हसत परत आले, आपापल्या चपला शोधायला लागले. ती चाल त्यांनी लोक पूर्ण बसेपर्यंत वाजवली आणि आमचा कार्यक्रम वाचवला. त्यांची पालखी तोवर खोळंबली होती.

नंतर ते स्टेजमागं आले. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी एवढंच विचारलं, "हे गाणं कुठं बसून ठरवलं?"

"संतोषच्या खोलीत."

"खोलीत ऊस व्हता का?"

"नाही."

"मंग रं? अन् वाघरू असं वरडतं व्हय? ते करवत वढल्यागत खरखरतं. हा तुमचा टीव्हीतला सिंव्ह हाय."

पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघं जुन्नरला त्यांच्या घरी गेलो. डीजे आल्यापासून लग्नाच्या ब्रास बँडला पूर्वीसारखं बोलावणं राहिलं नव्हतं. त्यांचे वाजवणारेही थकले होते. "मला तुमच्या गिटारमधलं काय बी कळत न्हाई," ते म्हणाले, "पन यात्रा कळती." त्या दिवसापासून आजपर्यंत ते आमचे व्यवस्थापक, खजिनदार, मध्यस्थ आणि गरज पडेल तेव्हा कान उपटणारे वडील आहेत. गिटारचा लांब तुकडा त्यांना आजही सोसत नाही. पाच मिनिटं सोलो चालला की पुढच्या रांगेतून हात वर करून विचारतात, "आरं, गाणं कुठं गेलं?"

आता त्यांच्या कामाविषयी. बँडचं पोट कशावर चालतं, हे ग्रंथाच्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. आम्हालाही नव्हतं. आम्हाला वाटायचं, गाणं मोबाइलवर गाजलं की पैसा धो धो. गाणं गाजलंही एकदोन वेळा. त्यातून हाती आलं ते चहापाण्यापुरतं. चूल पेटते ती सुपारीवर, म्हणजे गावोगावच्या कार्यक्रमांच्या ठरावावर. त्यातही सुपारी मोठी म्हणून आम्ही हुरळून लांब जायचो आणि डिझेल, गाडीभाडं, हॉटेलचं जेवण यात सगळं घालवून रिकाम्या हातांनी परत यायचो. भाईंनी ते थांबवलं. गावोगावच्या यात्रा तिथीप्रमाणे असतात आणि त्या तिथी भाईंना तोंडपाठ. कुठल्या रस्त्यावर आज कुणाची यात्रा, उद्या कुणाची, हे बघून ते ठराव करत. लांबची गलेलठ्ठ सुपारी नाकारून एकाच वाटेवरच्या दोन हडकुळ्या घेत. मी चिडायचो. ते म्हणायचे, "पैसा सुपारीत नसतो, परतीच्या रस्त्यात असतो." ठरावात एक अट मात्र कायम: जेवण गावानं घालायचं, तेही घरचं, आणि ड्रायव्हरला आपल्या पंगतीत बसवायचं.

आम्ही एकदा हौसेनं बँडचं नाव छापलेले काळे टी-शर्ट विकायला ठेवले. वैशाखाच्या उन्हात काळा टी-शर्ट! एकही गेला नाही. पुढच्या वर्षी भाईंनी तेच नाव पांढऱ्या टॉवेलवर छापून आणलं. "शेतकऱ्याच्या खांद्यावर काय असतं ते बघा आधी," म्हणाले. ते टॉवेल आज द्राक्षाच्या बागांतून दिसतात. आमच्या गावच्या सरपंचांनी तर तो कलेक्टरसाहेबांच्या सत्कारालाही खांद्यावर टाकला होता.

पण भाईंचं खरं कसब कळलं ते दुसऱ्या अल्बमच्या वेळी. पहिलं गाणं कुठलं, हा प्रश्न पुन्हा आला. भाईंनी आम्हाला वाद्यं घेऊन थेट आमच्या घरच्या टोमॅटोच्या शेडमध्ये नेलं. तिथं बाया टोमॅटो निवडून कॅरेट भरत बसतात. "हळू आवाजात एकामागून एक समदी वाजवा," म्हणाले आणि स्वतः एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आमच्याकडं चक्क पाठ करून बसले. त्यांचं सगळं ध्यान बायांच्या हातांकडं. एका गाण्याला हात तालात पळायला लागले, कॅरेट भराभर भरली. मग मी 'मुक्कामी गाडी' म्हटलं.

हे गाणं माझ्या डिंभ्याच्या आत्याचं आहे. तिथं एसटीचा काही नेम नसतो. पण रात्री गावात मुक्कामाला थांबणारी गाडी येते, तिच्या वेळेला आत्या रोज रस्त्यावर जाऊन उभी राहायची. कुणी यायचं असो वा नसो, उतरणारी माणसं बघायची आणि परत यायची. 'वळणावर दिवा दिसला गं, गाडी आली का बघ' असं त्याचं ध्रुपद आहे. मी ते सुरू केलं आणि शेडमधले हात थांबले. हौसाबाई म्हणून आमच्याकडं जुन्या आहेत, त्यांच्या हातात पिकून फुटलेला टोमॅटो होता, तो त्यांनी तसाच चांगल्या कॅरेटमध्ये ठेवला. "पुन्यांदा म्हन की रं," एवढंच म्हणाल्या.

मी आनंदानं उडालो. म्हटलं, मिळालं पहिलं गाणं! भाई खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "हात पळवणारं बाहेर काढा. हात थांबवणारं बाहेर काढायचं न्हाई. कधीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं सगळ्यांत जिवाचं गाणं, आणि ते कधीच नाही? मी तिथंच भांडायला उभा राहिलो. भाई शांतपणे म्हणाले, "दिनू, नवरदेव मांडवाच्या दारात आल्यावर वाजवायची चाल मी वेशीत वाजवत न्हाई. गानं बाहेर काढायचं म्हंजी आवतण धाडायचं. आवतणातच पंगत वाढतात व्हय? ज्याला जेवायचं त्यो घरी यील."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही, हे इथं छापील सांगतो. पण बाकीच्या तिघांनी भाईंच्या बाजूनं हात वर केले, आणि 'मुक्कामी गाडी' फक्त यात्रेत, शेवटचं गाणं म्हणून वाजायला लागलं. लोक मोबाइलवर टिपून घेत. भाई त्यांना अडवत नसत. "त्यात शिट्ट्याच ऐकू येत्यात," म्हणत, "त्यो बी आवतणच हाय."

मग मुंबईच्या एका संगीत कंपनीचे गृहस्थ आले. त्यांना नेमकं तेच गाणं हवं होतं, आणि तेही मी एकट्यानं गायलेलं. बाकीच्यांची गरज नाही म्हणाले. मी भाईंना सांगितलं, "मी जातोय." वाटलं, ते रागावतील, शपथा घालतील. ते म्हणाले, "गानं तुझं हाय. न्यायचं तर ने. मी पोचवायला यीन नारायणगाव स्टँडवर. पन यात्रेत उद्या काय वाढशील, तेवढा इचार कर."

विचार करायला आठवडा होता आणि मधे डिंगोऱ्याची यात्रा आली. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ स्टेजपाशी आले. डिंभ्याच्या वरच्या अंगाचे. एक गाडी चुकलेली, दुसरी बदललेली, तिसऱ्यात टपावरच बसायची पाळी आलेली. कशासाठी आलात बाबा, म्हटलं. तर म्हणाले, "पोरगं म्हनलं, असं असं गानं हाय. त्याच्या फोनमदी लई हुडकलं, घावंना. म्हनून आलो. माजी मालकीन बी उभी ऱ्हायाची तशी." आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. बाजूला भाई उभे होते. मला वाटलं आता म्हणतील, 'बघ, सांगितलं नव्हतं?' पण नाही. त्यांनी त्या बाबांना आमच्या पंगतीत जेवायला बसवलं आणि घरी सोडायला आमची गाडी दिली. आम्ही मंडपातच आडवे झालो. मुंबईच्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी नाही कळवलं. माझा निर्णय माझा मीच घेतला, भाईंच्या सांगण्यावरून नव्हे. एवढं श्रेय मला राहू द्या.

भाईंचं मन कसं आहे, याचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. संतोषचा हात ऐन यात्रेच्या हंगामात मोडला. बदली ड्रमर आणला. हंगाम संपल्यावर वाटे पडले, तर संतोषचा वाटा नेहमीएवढाच. संतोषनं घ्यायचं नाकारलं. "मी एक काठी मारली नाही भाई, कशाचा वाटा?" भाई म्हणाले, "माझ्या बँडात ढोलवाल्याला ताप आला तर त्याच्या घरी चूल बंद ठेवायची का? घे गुमान, न्हाई तर भाभीला सांगीन." भाभींना, म्हणजे इसाकभाईंच्या पत्नींना, आम्ही सगळेच टरकून असतो. संतोषनं गुमान घेतला. बदली ड्रमरलाही पूर्ण वाटा मिळाला होता. कमी कुणाचा झाला, हे आम्हाला बरंच उशिरा, तेही भाभींकडून कळलं. भाईंनी त्या वर्षी स्वतः काही घेतलंच नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

गेल्या वर्षी भाई घरातल्या घरात पडले आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण खाचखळग्यांचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच यात्रांचा अख्खा हंगाम त्यांच्याविना गेला. प्रत्येक गावात पहिला प्रश्न, "भाई कुठं हायत?" आणि भाई जुन्नरला खिडकीशी पलंगावर. भाभींनी मला फोनवर सांगितलं, "रोज संध्याकाळी विचारतात, आज पोरं कुठल्या गावात? आणि मग आपलं आपणच ते गाणं पुटपुटतात. मधली ओळ आठवत नाही, तिथंच अडतात."

ते ऐकून मला राहवेना. आम्ही चौघांनी गुपचूप 'मुक्कामी गाडी' स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रित केलं. कुठंही टाकायचं नाही, फक्त भाईंना ऐकवायचं. स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा ठेवला. संतोषनं स्पीकर पलंगाशेजारी मांडला आणि गिटारची पहिली तार वाजते न वाजते तोच भाईंनी हात उचलला.

"बंद कर."

"भाई, फक्त तुमच्यासाठी केलंय. दुसऱ्या कुणाकडं नाही."

"तेच म्हंतो. डिंभ्याच्या म्हाताऱ्याला गाड्या बदलून यायला लावलं मी. अन् मी पलंगावर पडून आयकू? त्येला काय त्वांड दावू?"

"अहो, पण तुम्हाला येता येत नाही..." माझा आवाज चढला. खरं तर रडू येत होतं. "हट्ट कसला हा, भाई!"

भाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "हट्ट न्हाई रं. ज्याला जेवायचं त्यानं यायचं, असं म्हनलोय ना मी? मग मी यीन. पुढचा कार्यक्रम कुठं हाय तेवढं सांग. आन् चहा प्या, गार व्हतोय."

ते ध्वनिमुद्रण आम्ही तिथंच पुसून टाकलं. संतोष भाभींच्या ओट्याशी तोंड फिरवून उभा होता.

त्यानंतर भाईंनी जे केलं, ते मी स्वतः पाहिलंय. आधी काठी घेऊन अंगणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानापर्यंत. डॉक्टरांनी विचारलं, एवढी घाई कसली? तर म्हणाले, "आवतण आलंय." गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले आणि उशा लावलेल्या गाडीतून, सावकाश, एवढ्या बोलीवर परवानगी दिली.

मधल्या काळात नव्या अल्बमचं पहिलं गाणं आम्हालाच ठरवायचं होतं. शेडमध्ये गेलो, भाईंची खुर्ची तशीच मांडली आणि वाजवायला लागलो. हौसाबाईंनी मान वर करून विचारलं, "आमच्या हाताकडं बघनारं म्हातारं कुठं हाय?" आम्ही थिजलोच. म्हणजे यांना सगळं माहीत होतं? "तर! आमाला डोळं न्हाईत व्हय? पयल्या दिवशीच वळाखलं." मी घाबरत विचारलं, "मग त्या गाण्याला हात थांबले ते?" हौसाबाई म्हणाल्या, "ते खरं थांबलं, बाबा. त्यात लबाडी न्हाई." नंतर हे सगळं भाईंना फोनवर सांगितलं, तर ते ठसका लागेपर्यंत हसले. आम्ही ठरवलेलं गाणं कुठलं, हे मात्र त्यांनी विचारलंही नाही. "तुमी ठरवलं ना? झालं तर," म्हणाले.

इसाकभाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्तानं वारूळवाडीच्या मैदानावर त्यांचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं रीतसर होईल आणि गावोगाव आधीच पोचलेला हा ग्रंथ त्यांच्या हातात दिला जाईल. आपण सर्वांनी जरूर यावं. भाईंना उदंड आयुष्य लाभो, ती नवी कंबर आमच्या सगळ्यांच्या कमरांपेक्षा जास्त टिको, भाभींचा धाक असाच राहो, आणि दर वर्षी गिटारचा सोलो लांबला की पुढच्या रांगेतून तोच हात वर येवो, एवढंच आम्हा 'घोडकाठ'च्या पोरांचं मागणं आहे.

एरवी आमचं शेवटचं असलेलं गाणं त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांत आधी घेणार आहोत. जुन्नरहून येणारी गाडी मैदानाकडे वळते तो रस्ता स्टेजवरून स्पष्ट दिसतो. तिथं दिवा दिसेपर्यंत आम्ही तारेला हात लावणार नाही. गाडी सावकाश आणा, भाई. मुक्कामी गाडीची वाट बघणं या भागात कुणालाच नवं नाही.